मिठागराचा उजवा कोपरा

१

एकदा विकलेलं चित्र चित्रकाराच्या नजरेला पुन्हा पडत नाही. ऑनलाइन गॅलरीत तर नाहीच. खोकं भरायचं, टेप मारायची, पत्ता चिकटवायचा, आणि मग आपलं चित्र कुणाच्या सोफ्यामागे लागलं असेल याची कल्पना करत बसायचं. त्यामुळे मनाली देवस्थळीने स्वतःहून ‘एकदा घरी ये, तुझं चित्र कसं दिसतंय ते बघ’ असा मेसेज केला तेव्हा दीक्षा सरवदे हरखून गेली. रविवारी सकाळी इस्त्रीचा कुर्ता घालून आणि आईने दिलेला चकल्यांचा डबा घेऊन ती दिघ्याहून ऐरोलीला आली.

दार मनालीच्या सासऱ्यांनी, श्यामसुंदररावांनी उघडलं. “ये, बस,” म्हणाले आणि चहा टाकायला आत निघून गेले. बाहेरच्या खोलीत मनाली होती आणि खालच्या मजल्यावरच्या सुमेधा राजाध्यक्ष होत्या. सुमेधाताईंना बोलावलं होतं ते खास कौतुक करायला. माणूस चुकीचं निवडलं होतं. बाईंनी विमा कंपनीची सर्वेअर म्हणून सारी नोकरी जळालेली गोदामं, बुडालेला माल आणि कधीच चोरीला न गेलेले दागिने तपासण्यात घालवलेली. आधुनिक चित्रकलेतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि तसं त्या तोंडावर सांगूनही टाकत.

चित्राचं नाव ‘मिठागर’. ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाडीच्या कडेची मिठागरं दिसतात, तीच जणू उंचावरून पाहिलेली. करडे, मातकट, मधूनच गुलाबीसर चौकोन, आणि त्यांवर खरोखरचं मीठ चिकटवलेलं. वर काच नव्हती. शेजारच्या भिंतीवर गणपती, कुलदेवता आणि मनालीच्या कैलासवासी सासूबाई अशा तीन तसबिरी होत्या, त्यांच्या काचा श्यामसुंदरराव दर शनिवारी पुसत, आणि त्या इतक्या लखलखीत की सुमेधाताईंना स्वतःच्या घरातल्या धुळकट तसबिरी आठवून ओशाळायला झालं.

दीक्षा चित्रासमोर हसत उभी राहिली. मग जवळ गेली. मग आणखी जवळ गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं. तिने मिठावरून अलगद बोट फिरवलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे माझं नाहीये.”

आत स्वयंपाकघरात कपबश्यांची किणकिण चालली होती, ती तेवढ्यात थांबली.

२

“तुझं नाही म्हणजे?” मनालीने विचारलं. ती एका आयटी पार्कमध्ये बॅक ऑफिसची टीम सांभाळते. आवाज चढवायची तिला सवय नाही आणि गरजही पडत नाही.

“डिझाइन माझंच आहे. पण हात माझा नाही. हे मीठ बघा, बारीक आहे. मी मिठागरातलं जाडं मीठ घेते. रंगपण वेगळा आहे. मी माती डिंकात कालवते, हा बाटलीतला रंग वाटतोय. आणि हा वरचा उजवा कोपरा… मी तिथे साधा करडा ठेवला होता. हे तिरके फिकट पट्टे मी काढलेच नव्हते.”

मनालीने मोबाइल उघडला. ‘मोकळी भिंत’ या गॅलरीच्या वेबसाइटवरचा फोटो तिने तेव्हाच जपून ठेवला होता. चित्र घ्यावं की नाही या विचारात कित्येक रात्री ती तो फोटो बघत झोपली होती. तिने फोटो मोठा करून दीक्षासमोर धरला. फोटोत, वरच्या उजव्या कोपऱ्यात, तेच तिरके फिकट पट्टे होते.

“पट्टे पहिल्यापासून आहेत, दीक्षा.”

दीक्षा गोंधळली. “ते ऊन आहे, मॅडम. मी फोटो घरी काढला ना, तेव्हा खिडकीच्या गजांतून ऊन येत होतं.”

“फार सोयीचं ऊन आहे,” मनाली म्हणाली.

चहा आला. श्यामसुंदररावांनी कप ठेवले. दोन बश्यांत थोडा सांडला होता. कुणी प्यायलं नाही. दीक्षा गेली, चकल्यांचा डबा टीपॉयवर तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी मनालीने गॅलरीच्या पानावर सविस्तर तक्रार लिहिली: आपल्याला नक्कल पाठवण्यात आली आहे, आणि कलाकार स्वतःच चित्र आपलं नसल्याचं सांगते आहे. चित्रं विकत घेणाऱ्यांचा एक ग्रुप होता, तिथेही तिने तेच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीने दीक्षाचं पान काढून टाकलं. येत्या शुक्रवारी त्याच साइटवर दीक्षाचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन उघडायचं होतं. तिथे आता दुसऱ्या कुणाची तरी चित्रं लागण्याची चिन्हं होती.

“काकू, तुम्ही एवढ्या चोऱ्या पकडल्यात,” मनाली सुमेधाताईंना म्हणाली. “माझं खरं चित्र कुठे गेलं तेवढं शोधून द्या. त्या मुलीनेच ठेवून घेतलंय, दुसरं काय.”

“ठेवून घेतलं असतं तर तुझ्या घरी येऊन बोंब कशाला मारली असती? ‘छान दिसतंय’ म्हणाली असती, चहा पिऊन गेली असती.”

मनालीचं तेवढ्याने समाधान झालं नाही. सुमेधाताईंनी चष्मा पुसला. “खाली उतरव ते चित्र. मागून बघू.”

चित्र सोफ्यावर पालथं घातलं. फ्रेमच्या मागच्या बाजूला छोट्या खिळ्यांची रांग होती, सारख्या अंतरावर, एकही वाकडा नाही. सुमेधाताईंनी ते हळूहळू उचकटले आणि पुठ्ठा बाजूला केला. दीक्षा प्रत्येक चित्रामागे मोठ्ठी सही करते, नाव आणि गावासकट, हे गॅलरीच्या पानावर लिहिलेलं होतं.

इथे मागे काहीच नव्हतं. पाटी कोरी होती.

३

ऑनलाइन गॅलरीचा धंदा असा की चित्र गॅलरीत येतच नाही. गॅलरी म्हणजे बेलापूरचं छोटं ऑफिस आणि एक वेबसाइट. चित्र कलाकाराच्या घरून थेट गिऱ्हाइकाकडे जातं, आणि फ्रेम हवी असेल तर कलाकाराच्याच ओळखीच्या फ्रेमवाल्याकडून जातं. ‘मिठागर’ दिघ्याच्या रणजीतकडून गेलं होतं. रणजीतचं दुकान दीक्षाच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यामुळे मनालीच्या तक्रारीत त्याच्याही नावाला बट्टा लागला होता.

सुमेधाताई रिक्षाने दिघ्याला गेल्या. दुकानात देवादिकांच्या तसबिरी, बाबासाहेबांच्या तसबिरी, नवरा-नवरीचे फोटो, सगळे एकमेकांना टेकून उभे होते. रणजीत फ्रेमची पट्टी कापत होता.

“मॅडम, मी सांगतो तुमाला,” तो पट्टी खाली ठेवत म्हणाला. “चित्र चार दिवस आपल्याकडे होतं. मी काच टाकत होतो, तर दीक्षा बोलली काच नको, मीठ दिसलं पायजे. बोललो, ठीक हाय. फ्रेम मारली, टेम्पोवाल्याला दिली. बस. आता लोक बोलतात आपन दोघांनी मिळून गेम केला. टेन्शनने डोकं फिरलंय.”

सुमेधाताईंनी मोबाइलवर काढलेला फ्रेमच्या पाठीचा फोटो त्याला दाखवला. “ही फ्रेम तुझीच?”

“फ्रेम आपलीच.” मग त्याने फोटो मोठा केला आणि मान हलवली. “पन हे खिळे आपले नाय. खिळा कोन मारतो आता? गन हाय आपल्याकडे, पिन मारतो, फटाफट. हे बघा.” त्याने शेजारची एक तयार फ्रेम उलटी केली. पिना तिरक्या, जवळ, लांब, जिथे हात थांबला तिथे. “एवढं मोजून मारत बसलो तर धंदा करनार कधी?”

सुमेधाताईंनी ती फ्रेमही नीट पाहून घेतली. माणूस खोटं बोलू शकतो, पण दुकानभर उभ्या असलेल्या इतक्या फ्रेमा एकदम खोटं बोलत नाहीत.

निघताना त्या दीक्षाच्या घरावरून गेल्या. दीक्षाचं पहिलं चित्र विकलं गेलं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. तो आता कुणीतरी उतरवून गुंडाळून ठेवला होता. मनालीचा मेसेज फिरत फिरत गल्लीच्या ग्रुपवरही पोचला होता. दारात दीक्षाची आई, सुंदराबाई, भांडी घासत होती. शेजारणी नळावर बोलत होत्या आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

“माझ्या पोरीनं चोरी केली म्हनतात,” सुंदराबाई मान वर न करता म्हणाली. “तुमी बी तेच इचारायला आलाव का?”

“नाही,” सुमेधाताई म्हणाल्या. “मला आता एवढं कळलंय की चित्र इथून निघालं तेव्हा ते अस्सलच होतं.”

म्हणजे अदलाबदल नंतर झाली होती, आणि नंतर ते चित्र एकाच घरात होतं.

४

तरी एक धागा राहिला होता. दीक्षाचं ऊन खरं की खोटं? सुमेधाताईंनी गॅलरीच्या मालकिणीला, श्रुतीला, व्हिडिओ कॉल लावला. श्रुती घाईत होती आणि बोलण्यात सावध.

“मॅडम, मला दीक्षाबद्दल वाईट वाटतं. पण ऑनलाइन विकत घेणारा माणूस चित्र हाताळून बघत नाही. फोटोवर आणि आमच्या शब्दावर घेतो. एक संशय आला की सगळी साइट बसते. उद्या दुपारपर्यंत काही ठोस आलं नाही तर प्रदर्शन मला दुसऱ्याला द्यावं लागेल.”

“फोटोबद्दलच विचारायचंय. ‘मिठागर’चा फोटो तुम्ही काढलात?”

“नाही, दीक्षाने पाठवला. डावी कड जरा वेडीवाकडी आली होती म्हणून मी कापली. आणि उजवीकडे वर…” श्रुतीने फोटो समोर उघडला. “उजवीकडे वर ऊन आलं होतं. मी तिला म्हटलं होतं, फोटो पुन्हा काढ, गजांचे पट्टे दिसतायत. पण त्याआधीच मनालीने चित्र घेऊन टाकलं, मग राहिलं ते राहिलंच.”

“डावी कड कापली, म्हणजे तिथलं काही फोटोत दिसत नाही?”

“थोडंसं. तिथे एक गंजाचा डाग होता. तिने गंजलेला नट ओला करून ठेवून उठवला होता. छान होता खरं तर.”

सुमेधाताईंनी फोन ठेवला आणि पुन्हा वरच्या मजल्यावर गेल्या. मनाली ऑफिसला गेली होती. श्यामसुंदररावांनी दार उघडलं, त्यांना पाणी देतो म्हणाले. “तुम्ही बसा, मी घेते,” म्हणत त्या स्वतःच आत गेल्या. ओट्यावर डबे ओळीने लावले होते. साखर, चहा, रवा, मीठ. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि अक्षर असं की छापखान्यातून आल्यासारखं. सगळी अक्षरं एका उंचीची, एका जाडीची.

बाहेर येऊन त्या पुन्हा भिंतीवर टांगलेल्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. डाव्या कडेला गंजाचा डाग होता, अगदी नटाच्या आकाराचा. त्यांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला. फोटोत तो डाग नव्हता. मग त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या चित्रात पट्टे होते, फोटोतही पट्टे होते.

त्या बराच वेळ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिल्या. नोकरीत असं झालं की त्यांना भूक लागायची. आताही लागली.

“श्यामसुंदरराव,” त्या वळून म्हणाल्या, “आज कुठला वार? शनिवारी तसबिरी पुसायचा तुमचा नेम आहे ना?”

श्यामसुंदररावांनी उघडं राहिलेलं दार आतून लावून घेतलं.

५

“बसा,” सुमेधाताई म्हणाल्या. “मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा.”

ते समोरच्या खुर्चीत कडेला बसले, पाहुणे बसतात तसे.

“नक्कल करणाऱ्याने गंजाचा डाग हुबेहूब उठवलाय. फोटोत तो डाग नाही. म्हणजे खरं चित्र त्याच्यासमोर होतं. श्रुतीसमोर ते कधीच नव्हतं, तिच्याकडे फक्त फोटो. म्हणून ती सुटली. बरोबर?”

श्यामसुंदररावांनी मान डोलावली.

“पण उजव्या कोपऱ्यात त्याने पट्टे काढले. खऱ्या चित्रात पट्टे नव्हते, ते फोटोतलं ऊन होतं. दीक्षाने नक्कल केली असती तर तिने स्वतःच्या खिडकीतलं ऊन कशाला रंगवलं असतं? रणजीतने केली असती तर त्यानेही खरा कोपराच उतरवला असता. त्याच्याकडे पूर्ण चित्र होतं. शिवाय खिळे त्याचे नाहीत. तर मग असा माणूस कोण, की ज्याच्यासमोर खरं चित्र आहे, सगळं तो त्यावरून उतरवतोय, आणि नेमका एकच कोपरा फोटोवरून उतरवतोय?”

खाली सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाला ओरडत होता. सुमेधाताई तो आवाज जाईपर्यंत थांबल्या.

“एकच उत्तर आहे. तो कोपरा तेव्हा चित्रावर उरलाच नव्हता.”

श्यामसुंदररावांनी डोळे मिटले.

“इथे चोरी झालीच नाही. नुकसान झालं आणि ते कुणीतरी झाकलं. माझ्या नोकरीत असं नेहमी व्हायचं, लोक फुटलेला माल लपवायला चोरीची कथा रचायचे. इथे तर कथाही रचली नाही. मागे सही नाही, कारण चित्र विकायचं नव्हतंच. ज्याला फसवून विकायचंय तो आधी सही करतो. ज्याला फक्त भिंत पूर्वीसारखी दिसायला हवी तो करत नाही. बारीक मीठ तुमच्या डब्यातलं. तुमचा मुलगा अभिराम चेन्नईला प्रोजेक्टवर आहे. मनालीने केलं असतं तर तिने आकांडतांडव केलं नसतं. राहता राहिलात तुम्ही.”

“मी ड्रॉइंग ऑफिसात होतो,” श्यामसुंदरराव हळू आवाजात म्हणाले. “केमिकल कंपनीत. सगळी नोकरी पाइपांचे नकाशे उतरवण्यात गेली.”

“ते तुमच्या खिळ्यांवरून आणि डब्यांवरून कळतं.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि थांबलेच नाहीत. दिवाळीआधी मनाली अभिरामकडे गेली होती. शनिवार होता. त्यांनी ओलं फडकं घेतलं, गणपती पुसला, कुलदेवता पुसली, बायकोची तसबीर पुसली. हे चित्रही भिंतीवर होतं, तेही पुसलं. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून, नेहमीसारखं. चित्रासोबत पाणी लावू नये असं सांगणारं एक कार्ड आलं होतं म्हणे, पण खोकं मनालीने उघडलं होतं, ते कार्ड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“फडक्यावर करडा रंग आला तेव्हा कळलं मला. तोपर्यंत कोपरा गेला होता.” त्यांनी तळहात पुसल्यासारखे एकमेकांवर फिरवले. “दुकानातून पोस्टर कलर आणले. बाकी चित्र समोर ठेवून उतरवलं. कोपरा काही केल्या आठवेना. रोज बघत होतो, पण नीट असं कधी बघितलंच नव्हतं. मग तिने घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो काढला. त्यात पट्टे होते. मला वाटलं, तसंच असेल.”

“आणि मनालीला कळलं नाही?”

“तिच्या मनात चित्र घरी येण्याआधीपासून फोटोच पक्का बसला होता. तिला वाटलं, पट्टे असणारच.”

“सही का नाही केली?”

“दुसऱ्याची सही कशी करणार? तो तर खोटेपणा झाला असता.”

सुमेधाताईंना हसू आलं नाही. “श्यामसुंदरराव, तुम्ही चित्र पुसलंत ती चूक. कुणाच्याही हातून होईल. चित्र उतरवलंत तो वेडेपणा. पण रविवारी ती पोरगी इथे उभी होती, तिच्यावर बालंट येत होतं, आणि तुम्ही आत कप हातात घेऊन गप्प उभे राहिलात. त्याला काय म्हणायचं?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“मी मनालीला सांगणार नाही,” सुमेधाताई उठत म्हणाल्या. “तुम्ही सांगायचं. आज. उद्या दुपारी त्या मुलीचं प्रदर्शन जाईल.”

६

मनाली संध्याकाळी घरी आली तेव्हा सोफ्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली होती. खरं चित्र सासूबाईंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटामागे ठेवलं होतं, ते श्यामसुंदररावांनी बाहेर काढलं होतं. वरचा उजवा कोपरा फिका, पुसट, मधोमध पांढरा पडलेला होता. मनालीने ते उलटं केलं. मागे दीक्षाची भली मोठी सही होती, खाली ‘दिघा’.

श्यामसुंदररावांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

मनाली दोन्ही कोपरे आलटून पालटून बघत राहिली. सुमेधाताई दारापाशी उभ्या होत्या, त्यांना वाटलं आता ही पोरगी काहीतरी असं बोलून जाईल की जे पुढे परत घेता येणार नाही.

“बाबा, मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? ओरडले असते. मग संपलं असतं.”

“तू ऑफिसातून आलीस की आधी यासमोर बसायचीस,” श्यामसुंदरराव म्हणाले. “चपलाही न काढता. या घरात सोफा आमचा, पडदे तुझ्या सासूच्या पसंतीचे, देव आमचे, भांडी आमची. तू येऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या आवडीची अशी एकच वस्तू इथे आली होती. तीच मी पुसून टाकली. सांगायला तोंड कुठून आणू?”

मनालीने तोंडावर हात घेतला आणि रडली. मग तिने स्वतःला सावरलं, कारण तिला वेळेत काम संपवायची सवय होती. श्रुतीला फोन लावला. “तक्रार माझी होती आणि ती चुकीची होती,” ती म्हणाली. श्रुतीने सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्याचे आणि सहीचे फोटो मागितले, आणि रात्रीच्या आत दीक्षाचं पान पुन्हा लावते, शुक्रवार तिचाच, असा शब्द दिला. मनालीने ग्रुपवरही लिहायला घेतलं: ‘आमच्या घरात झालेल्या गैरसमजामुळे…’

“असं नको,” श्यामसुंदरराव म्हणाले. “गैरसमज कसला? माझं नाव घालून लिही.”

तिने त्यांचं नाव घालून लिहिलं. नंतर दीक्षाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. श्यामसुंदररावांनी तिलाही सांगितलं.

“दीक्षा,” मनाली म्हणाली, “मला माफ कर. जमलं तर. आणि तुझी इच्छा असेल तर तो कोपरा पुन्हा…”

“कोपऱ्याचं नंतर बघू, मॅडम,” दीक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “साइटवर तुम्ही टाकाल, ते लोक वाचतील. पण माझी आई साइट बघत नाही. ती रविवारपासून नळावर जात नाहीये. काका, तुम्ही येऊन तिला सांगाल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदरराव दिघ्याला गेले. सुमेधाताई सोबत होत्या, मनाली अर्धी रजा टाकून आली होती. गल्ली अरुंद होती आणि सकाळची वेळ असल्याने माणसांनी भरलेली. रणजीत दुकानाच्या फळीवर बसून बघत होता. श्यामसुंदररावांनी सुंदराबाईच्या दारात चपला काढल्या, आत गेले आणि हात जोडले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “चित्र मी खराब केलं, नक्कल मीच केली. तुमच्या मुलीवर आळ आला तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. मला क्षमा करा.”

सुंदराबाईने त्यांना खुर्ची दिली. दीक्षाने पाणी आणलं. सुंदराबाईने पदराने हात कोरडे केले आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत ती थांबली.

“दादा, तुमी आलाव, बरं केलंव,” ती म्हणाली. “पर मला एकटीला सांगून काय उपेग? माझी पोरगी कशी हाय ते मला ठावंच हुतं. ज्यान्ला ठावं न्हवतं त्यान्ला सांगा.”

ती उठली, दार पूर्ण उघडलं आणि बाहेर हाक मारली. “सखू, गिरजाबाई, जरा हिकडं या. समद्यांनी या.”

नळावरच्या बायका आल्या. वरच्या माळ्यावरची माणसं कठड्याशी आली. रणजीत फळीवरून उतरला. श्यामसुंदररावांनी मनालीकडे पाहिलं. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, पण त्यांच्यासाठी काही बोलली नाही. ते अनवाणीच पायरीवर उभे राहिले.

“माझं नाव श्यामसुंदर देवस्थळी,” ते म्हणाले. “मी ऐरोलीला राहतो. दीक्षाने कुणालाही फसवलेलं नाही…” आणि पुढचं त्यांच्या तोंडातल्या तोंडात राहिलं.

“जरा मोठ्यानं,” सुंदराबाई म्हणाली. “ते चोरीचं पार गल्लीच्या टोकापत्तोर ऐकू गेलं हुतं.”

श्यामसुंदररावांनी खाकरून घसा मोकळा केला आणि पुन्हा आपल्या नावापासून, मोठ्याने सांगायला लागले.